निळ्या सायकलीला सोवळं कशाला?

दोस्तांनो, आधी कबुली देतो. शिव्या मागनं.

यंदाच्या चौदा एप्रिलला आठवडा बाकी असताना भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत एका सोळा वर्षांच्या पोराच्या सायकलीचा रंग पुसण्यात आला. थिनर ओतून, चिंध्यांनी घासून. भर संध्याकाळी, कारखाने सुटायच्या टायमाला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावं म्हणूनच. पुसणारे पोलीस नव्हते. गावचे पाटील नव्हते. भगवे नव्हते. आपलेच होते. आपल्याच मंडळाचे, आपल्याच निळ्या उपरण्यातले, मला लहानपणी खांद्यावर बसवून मिरवणुकीला नेलेले. आणि मी तिथं हाताची घडी घालून उभा होतो. तोंडातनं एक शब्द काढला नाही. पोरगा एकदाच माझ्याकडं बघून गेला. ते देणं थकलंय. जमलं तर ह्या पानांवर फेडतोय.

सायकल कसली होती ते सांगतो, कारण ज्यांनी रंग पुसला त्यांनीसुद्धा ती नीट बघितलेली नव्हती. वीस इंची चाकाची, कुठल्या तरी बंगल्यातल्या पोराला लहान झालेली, भंगारात किलोवर आलेली. आमच्या पठ्ठ्यानं मडगार्ड काढलं, चेनकव्हर काढलं, स्टँड काढला. हँडल उंच करून त्यात आडवी दांडी वेल्ड केली. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायला पाइपाचे तुकडे बसवले. एकदा उडी मारताना पुढची नळी जोडापाशी फाटली. गडी रडला नाही. फाटलेला जोड दोन दिवस बघत बसला, कागदावर काढला, जिथं ताण येतो तिथं त्रिकोणी पट्टी काढली आणि वेल्डरकडं तो कागद घेऊन गेला. वेल्डर हसला, पण पट्टी मारली. पुन्हा जोड फाटला नाही. तुमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ह्याचे मार्क मिळतात. आमच्या गल्लीत ह्याला 'रिकामटेकडेपणा' म्हणतात.

ह्या सायकलीला जगात बीएमएक्स म्हणतात. बायसिकल मोटोक्रॉस. आमची पोरं बीमेक्स म्हणतात, आणि कुठल्याही बुटक्या, उघड्या, उड्या मारणाऱ्या सायकलीला तेच नाव देतात. कंपनीची खरी घ्यायची तर बापाचे दोन-तीन महिन्यांचे पगार जातील. म्हणून पोरं ती आधी वहीत काढतात. मग भंगारात शोधतात.

तर ही सायकल त्यानं निळी केली होती. आणि हँडलला तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पाटी लावली होती : पांढऱ्यावर निळं चाक, चोवीस आऱ्यांचं, मोजून काढलेलं, आणि त्यावर आकडा – ५६. छप्पन्न म्हणजे काय हे ह्या मासिकाच्या वाचकाला सांगायची गरज नाही. ते सोळा वर्षांचं पोरगं नागपूरला कधी गेलेलं नाही, पण आकडा त्याला ठाऊक होता.

आरोप काय? "बाबासाहेबांचा निळा चिखलात नेतोस? धम्मचक्र हँडलला लावून माकडउड्या मारतोस? पडलास तर चाक मातीत जातंय, कळतंय का बे?"

पोरगा म्हणाला, "आण्णा, चाक मातीतच फिरतंय की."

ह्यावर थिनरची बाटली आली.

आता माझ्याबद्दल. मी चादरीच्या कारखान्यात डिझाईन काढतो. आता कॉम्प्युटरवर काढतो, पण शिकलो ग्राफ पेपरवर. चौकोन भरला तर तिथं ताण्याचा धागा वर, मोकळा सोडला तर खाली. असे हजारो चौकोन रंगवायचे. मग त्यावरनं पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची, पत्ते माळेसारखे ओवून जेकार्डवर चढवायचे आणि मग माग खटाखट बोलायला लागला की मोर येतो, कमळ येतं, वेल येते. मोर, कमळ आणि वेल! आयुष्यभर मी ह्या तिघांचा नोकर. आमच्या घोंगडे वस्तीत मोर कधी दिसला नाही मला. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, चादरीवर कारखान्याचं नाव विणलेलं असतं, ठसठशीत. डिझाईन काढणाऱ्याचं नाव कुठल्या चादरीवर वाचलंय कुणी? मी नाही वाचलं, आणि मी रोज चादरी बघतो.

आणि हे एवढं तरी मला कसं मिळालं, तेही सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नव्हते. जास्त मजुरीचं खातं ते. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा आणि आपल्या थुंकीनं सवर्ण विणकऱ्याचा धर्म बुडायचा. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल पुढाऱ्यांच्या तोंडावर मारला. म्हणजे बघा, आपल्याला नुसत्या देवळातनं आणि तळ्यावरनं नाही हाकललं, नक्षीतनंही हाकललं. धाग्याला हात लावायचा नाही म्हणजे नक्षी सुचवायचीही नाही. त्या जातीचा मी आज ग्राफ भरतो. म्हणून कुणी पोरगा ग्राफवर काही काढताना दिसला की माझा जीव तिथं अडकतो.

त्या पोराला वही मीच दिली. वही म्हणजे काय, कारखान्यातले वाया गेलेले ग्राफ, एका बाजूला माझा फसलेला मोर, दुसरी बाजू कोरी, मधनं सुतळीनं शिवलेली. ती वही आत्ता माझ्यासमोर आहे. हिच्यात काय काय आहे ते जरा सावकाश सांगू द्या.

पहिल्या पानांवर नुसत्या सायकली, सिनेमातल्यासारख्या, ज्वाळाबिळा काढलेल्या. ते सगळेच काढतात. पुढं ज्वाळा कमी होत जातात. मग हँडलचे अकरा प्रकार. मग एकच उडी सात चित्रांत : चाक उचललं, अंग मागं गेलं, गुडघे छातीशी आले, सायकल पायाखाली आडवी झाली, सरळ झाली, मागचं चाक आधी टेकलं, पुढचं मग. बाण काढलेत, वजन कुठनं कुठं जातं त्याचे. एका पानावर मातीचा उंचवटा, बाजूनं बघितलेला. चढ एवढे चौकोन, वर सपाटी एवढी, आणि उतरायची बाजूसुद्धा तिरकीच. शेजारी लिहिलंय : 'सपाटावर पडलं की घोटा जातो, उतारावर पडलं की सायकल पळते'. हे त्याला कुणी शिकवलं नाही. घोट्यानं शिकवलं. एका पानावर मांडवाच्या जुन्या फळ्यांचा बाक करून चतकोर नळीसारखा उतार. त्याच्या वळणाचं माप त्यानं तीन वेळा खोडलंय. आणि मग रंग. निळ्याचे नऊ निळे. डोळे फिरले माझे. मी चौदा वर्षं रंग जुळवतोय, माझ्याकडं चारच निळे आहेत.

हे सगळं कुठल्या शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला बसतं? शाळेत त्याला फुलदाणी काढायला लावली. फुलदाणी! घरात फूल ठेवायला डबा नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून आहे म्हणतात. असू द्या बापडी. तिची बस आमच्या स्टॉपवर अजून थांबलेली नाही.

आता आमच्या आण्णांचं म्हणणं असं की हे सगळं अमेरिकन फ्याड, पैसेवाल्यांचे चोचले. ठीक. मग अमेरिकेचंच बघू.

१९६३ साली श्विन कंपनीनं स्टिंग-रे नावाची बुटकी सायकल काढली. सत्तरीच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं मोटरसायकलींच्या मोटोक्रॉस शर्यती बघून तीच मस्ती ह्या सायकलींवर पडीक जागेच्या धुळीत करायला लागली. मोटरसायकल परवडत नव्हती, वयही नव्हतं. १९७१ च्या 'ऑन एनी संडे' ह्या माहितीपटाच्या सुरुवातीलाच ही कार्टी दिसतात. कंपनीनं सायकल विकली होती गोंडस, पोरांनी ती मोडून स्वतःची केली. मग बॉब हॅरो नावाचा एक पोरगा आला. हा चित्रं काढायचा. शर्यतीच्या सायकलीला पुढं नंबराची पाटी लागते, ती ह्यानं स्वतःच्या हातानं घडवली. 'बीएमएक्स ॲक्शन' मासिकात व्यंगचित्रं काढली. १९७८ साली त्या पाट्यांवरच 'हॅरो डिझाईन्स' उभी राहिली. आणि शर्यत सोडून नुसत्या कसरतीची, फ्रीस्टाईलची जी तऱ्हा निघाली, तिचा बाप म्हणून ह्याच चित्रकाराचं नाव घेतात. १९८२ च्या 'ई. टी.' सिनेमात सायकलींवरनं पळणारी पोरं आठवतात? ते स्टंट करणाऱ्यांत हाही होता.

म्हणजे हा खेळ पेन्सिलीशेजारीच वाढला. पत्र्याच्या पाटीनं वाढला. आमच्या पोरानं तेलाच्या डब्याची पाटी कापली तेव्हा त्याला हॅरोचं नाव ठाऊक नव्हतं. मी मागनं सांगितलं, तर म्हणाला, "मग त्यानं बी डबाच कापला असंल."

ऐंशीच्या दशकात ही फ्रीस्टाईलवाली पोरं स्वतःची मासिकं काढायची. झेरॉक्स मारून, पिना मारून, दोस्तांना टपालानं पाठवून. चित्रं स्वतःची, फोटो स्वतःचे, शिव्या स्वतःच्या. झाइन म्हणायचे. आपण काय म्हणतो? अनियतकालिक. आपल्या आधीच्या पिढीनं सायक्लोस्टाईल करून अंक काढले, त्या सायक्लोस्टाईलच्या नावातच चाक आहे. पहिल्या सायक्लोस्टाईलच्या लेखणीला टोकाशी बारीक दातेरी चाक होतं. ते कागदावर फिरायचं, भोकं पाडायचं आणि भोकांतनं शाई उतरायची. चाकानं लिहिणं आपल्याला परकं नाही, आण्णा. तुमचीच पत्रकं चाकानं लिहिलेली आहेत.

हॅरो गोरा होता, तो काही आपला पाहुणा नाही. पण त्याच कॅलिफोर्नियात, ओकलंडला, १९६६ साली ब्लॅक पँथर उभी राहिली, जिच्यावरनं १९७२ ला मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर नाव घेतलं. नाव घेतलं, डरकाळी घेतली. एक गोष्ट मात्र घ्यायची राहिली. ब्लॅक पँथरमध्ये एमरी डग्लस नावाचा चित्रकार होता आणि त्याचं पद होतं संस्कृतिमंत्री. मंत्री! पोरवयात सुधारगृहात छपाईकाम शिकलेला माणूस. त्यानं पँथरच्या वृत्तपत्राची पानं रेखाटली आणि वस्तीतल्या बाया, पोरं, म्हातारे भिंतीवर चढवले. आपण चित्रकाराला काय पद दिलं? 'ए पेंटर, बॅनर रंगव, रात्री बारापर्यंत पाहिजे.' माझ्या मामानं आयुष्यभर बॅनर रंगवले, हजार वेळा बाबासाहेबांचा चष्मा काढला, तो डोळे मिटून काढायचा. मग फ्लेक्स आलं. एका रात्रीत मामा बेकार. फ्लेक्सवर बाबासाहेब अंगठ्याएवढे आणि नगरसेवक पोत्याएवढा. त्या वेळी कुणाचा अपमान झाला नाही? त्या वेळी थिनर कुठं होतं?

थांबा. रागाच्या भरात आण्णांवर अन्याय होतोय माझ्याकडनं.

आण्णांची भीती मला ठाऊक आहे. ११ जुलै १९९७. घाटकोपरची रमाबाई नगर वसाहत. पुतळ्याला चपलांचा हार. लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, दहा माणसं मेली. ती बातमी आली त्या दिवशी आण्णा जेवले नव्हते, मी लहान होतो, मला आठवतं. ज्यांच्या प्रतीकावर कुणीही येऊन चिखल फेकू शकतो, ती माणसं प्रतीक उराशी धरूनच झोपणार. त्यांना चिखल दिसला की पुतळाच आठवतो. ही भीती खोटी नाही. रक्त सांडून आलेली आहे.

पण आण्णा, दुसऱ्यानं फेकलेला चिखल आणि आपल्या पोराच्या चाकाला लागलेला चिखल एकच का? एकानं निळा अडवायचा असतो, दुसऱ्यानं पळवायचा. शिवू नकोस, बाटेल, वर ठेव, आंघोळ करून हात लाव – ही भाषा कुणाची? ज्यांच्या भाषेतनं आपण बाहेर पडलो त्यांचीच ना? आपण सोवळं जाळलं आणि राख निळ्या फडक्यात बांधून घरी आणली की काय! १४ ऑक्टोबर १९५६ ला झालं त्याला धम्मचक्र-प्रवर्तन म्हणतात. प्रवर्तन म्हणजे फिरवणं, चालतं करणं. त्याचा अर्थ काचेच्या कपाटात ठेवणं असा कुणी केला?

दुसरी गोष्ट, 'माकडउड्या' हा शब्द. हा शब्द वापरताना जीभ चावायला हवी होती. रस्त्यावर अंगाची कसरत करून पोट भरणाऱ्यांना ह्या देशानं काय म्हटलं ते सोलापूरकराला परक्यानं सांगायला नको. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. आपल्याच शहरात तारांचं कुंपण घालून माणसांची सेटलमेंट. जन्मलेलं पोर पाळण्यातच गुन्हेगार, सकाळ-संध्याकाळ हजेरी. १९५२ ला कायदा गेला, 'सेटलमेंट' हे नाव शहराच्या तोंडातनं अजून गेलेलं नाही. डोंबाऱ्याची पोर दोरीवर चालते तेव्हा ती भिकारीण. गड्डा यात्रेत मौत का कुआँमध्ये गाडी भिंतीवर चढते तेव्हा वीस-तीस रुपयांचा तमाशा. आणि आमच्या लहानपणी मैदानात सात दिवस सात रात्री सायकलवरनं खाली न उतरणारा माणूस यायचा. सायकलवरच जेवायचा, सायकलवरच आंघोळ करायचा, दातानं सायकल उचलायचा. आम्ही पाच पैसे टाकून पळायचो. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं? तोच प्रकार २०२१ साली तोक्योत ऑलिंपिकमध्ये झाला, फ्रीस्टाईल बीएमएक्स, साठ सेकंदांची फेरी, परीक्षक बसलेले. मार्क कशाचे? उंचीचे, अवघडपणाचे आणि नवं काय सुचलं त्याचे. सुचण्याचे मार्क, दोस्तांनो! आमच्या पोराच्या सुचण्याला थिनर.

आणि कातडी बघून सायकल पकडायची सवय तिकडंही आहे. त्याच २०२१ च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीतल्या पर्थ अँबॉय गावात पोरं घोळक्यानं सायकली फिरवत होती. पोलिसांनी सायकलींना लायसन नाही म्हणून त्या जप्त केल्या आणि एका काळ्या पोराला बेड्या घातल्या. सायकलीला लायसन! आमच्याकडं चौकातला हवालदार एवढं कायद्याचं बोलत नाही. तो नुसती हवा सोडतो.

ह्याच खेळात नायजेल सिल्वेस्टर नावाचा न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला काळा रायडर आहे. २०१८ साली त्याच्या नावाचा जॉर्डनचा बूट निघाला. मी बुटाला भुलणारा नाही. कंपनी ती कंपनीच, रस्त्यावरनं उचलणार आणि दुकानात आपल्यालाच विकणार. पण त्या बुटामागं ज्याचं डोकं, त्याचं नाव जाहीर आहे. माझ्या मोरावर माझं नाही. एवढंच बघून ठेवा.

आता पोरांनाही दोन शब्द. रात्री ट्रिपल सीट, समोरनं विडीची सुपं घेऊन येणाऱ्या आक्कांच्या अंगावर चाक उचलून घालायचं आणि दात काढायचे, ही कला नव्हे. असल्याला मीच कानफटीन. आणि मोबाइलवर परदेशी पोराची उडी बघून तशीच्या तशी मारायची, तेच टी-शर्ट, तेच कवटीचं चित्र – हाही एक गुलामीचाच धंदा. कवटी काढायचीच तर कुणाची काढताय ते ठरवा. वहीतल्या त्या पोराला हे कळलं होतं. त्यानं कवटी खोडून छप्पन्न लिहिलं होतं. नेमकं तेच पुसलं गेलं.

त्या दिवसापासनं तो आलेला नाही. सायकल दारात उभी आहे, अर्धी निळी, अर्धी पत्र्याच्या रंगाची. आई त्याची विड्या वळते, ती म्हणाली, "दादा, बरं झालं एका अर्थी, हातपाय तरी मोडायचे नाहीत." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पर रातचं कागदाचा आवाज येत नाही आता." मी तिथनं उठून आलो.

येत्या रविवारी संध्याकाळी मंडळाची बैठक आहे. जयंतीचा हिशेब आहे म्हणून सगळे येतील, हिशेबाला सगळे येतात. मी तिथं तीन गोष्टी मांडणार आहे. ती पाटी मंडळाच्या कपाटात पडलीय, ती पोराला परत द्या आणि ज्यांनी काढून घेतली त्यांनीच हातात द्या. मांडवाच्या जुन्या फळ्या गोदामात कुजतायत, त्या ह्या पोरांना द्या, उतार आम्ही बांधतो, माप वहीत आहे. आणि पुढच्या मिरवणुकीत डीजेच्या गाडीमागं नाही, पुढं, ह्या सायकली चालतील, ज्याला जो निळा सापडेल तो लावून.

आण्णा चिडतील. कदाचित मला खाली बसवतील. मागच्या वेळी मी उभा राहून गप्प होतो, ह्या वेळी खाली बसवलं तरी बोलणार आहे. ह्या अंकाच्या संपादकांकडं वहीतलं एक पान दिलंय, तीन वेळा खोडलेल्या मापाचं. जागा असेल तर छापा म्हटलंय, पोराची परवानगी त्याच्या आईमार्फत घेतलीय. तो स्वतः दाराआडनं 'छापा' एवढंच म्हणाला, बाहेर आला नाही.

वळणाचं माप त्याला अजून जुळलेलं नाही. ग्राफवर मी दोनदा करून बघितलं, मलाही जमेना. भवानी पेठेत, मड्डी वस्तीत, बुधवार पेठेत कुणाला जमत असेल तर रविवारच्या आत या. येताना सायकल आणा.